हात लावायची मुभा

"वर ढकला आण्णा. आजून जरा. हां, घावली," वरच्या खोलीतून मुलगा महेंद्र ओरडला.

छताला पाडलेल्या भोकातून काळी वायर वर सरकली आणि खाली स्टुलावर उभ्या असलेल्या आण्णांच्या हातात नुसता वेळू राहिला. वेळूला वायर बांधून वर सारायची युक्ती त्यांचीच. डोळ्यांत सिमेंटची भुकटी गेली होती, मान अवघडली होती, आणि स्टूल धरून उभी असलेली सून अक्षता "उतरा आता, गुडघं दुखतील" म्हणून मागे लागली होती. पण आण्णा उतरायला तयार नव्हते. वायरीचं वरचं टोक महेंद्रच्या कॉम्प्युटरला लागलं की खालचं टोक आपल्या कॉम्प्युटरला आपल्याच हातानं लावायचं, असं त्यांनी सकाळपासून मनाशी ठरवून ठेवलं होतं. 'आपला कॉम्प्युटर' हे शब्द अजून त्यांच्या तोंडात नीट बसले नव्हते. बोलताना ते जरा आजूबाजूला बघून घेत.

अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा नुकता लागला होता. सांगलीहून कुपवाडला जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांचं घर. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना. महेंद्र कुपवाडच्या एका कारखान्यात कारकून होता. कारखान्याला टाळं लागल्यावर त्यानं वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल तयार करून द्यायला लागला. काम बरं चालायचं. त्यातला मजकूर तपासायचं काम आपोआप आण्णांकडे आलं, कारण आण्णांचं उभं आयुष्य गावभागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं होतं. ऑफसेट आलं, खिळे भंगारात वजनावर गेले, आणि आण्णा घरी आले. डोळे मात्र शाबूत होते. चुकलेली वेलांटी त्यांना भातातल्या खड्यासारखी लागायची.

अडचण एवढीच, की गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे. मग अक्षता तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन दिवसभर कागद खाली आणी, वर नेई. तिनं विश्रामबागेत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. शेवटी तिनंच जाहीर केलं, की एक जुना कॉम्प्युटर खाली आणा आणि दोन्हींच्या मध्ये वायर टाका, नाहीतर कागद आणायला दुसरी सून आणा. महेंद्रनं पहिला पर्याय पत्करला.

वायर लागली. महेंद्रनं जिन्यावरून वाकून विचारलं, की 'कामं' हे फोल्डर खालच्याला उघडं करतोय, तर परवानगी कसली देऊ? नुसतं वाचायची, का पूर्ण? पूर्ण दिली तर खालून बदल करता येतो, पुसताही येतं.

"घरातल्या घरात कसलं कुलूप? द्या की पूर्ण," अक्षता म्हणाली.

थोड्या वेळानं खालच्या पडद्यावर ते फोल्डर आलं, आणि अक्षतानं वरच्या कॉम्प्युटरवर त्याचं चित्र कसं बदललंय तेही आण्णांना कागदावर काढून दाखवलं. फोल्डर वाटून घेतलं की त्याच्याखाली एक हात येतो. उताणा पंजा, वर फोल्डर पेललेलं.

आण्णा त्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्टिक धरल्यागत हाय गं." स्टिक म्हणजे जुळाऱ्याच्या डाव्या हातातली लोखंडी पट्टी, उजव्या हातानं एकेक खिळा उचलायचा आणि तिच्यात ओळ भरायची. अक्षतानं स्टिक कधी पाहिली नव्हती, पण तिनं मान डोलावली.

पुढचे दोन महिने आण्णा फार सुखात होते. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते कॉम्प्युटरपुढे बसत. वर महेंद्र किंवा अक्षता मजकूर टाइप करत, खाली आण्णा तो उघडून तपासत, आणि चूक दिसली की दोन बोटांनी तिथल्या तिथे दुरुस्त करत. सुरुवातीला त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटे. मग लक्षात आलं, की जेवायला उठताना हात धुवायची गरज राहिली नव्हती. छापखान्यातून येताना हात शिशानं काळे झालेले असत. शिसं अंगात भिनतं म्हणून त्यांची बायको चंद्राबाई दाराबाहेरच बादली आणि साबण ठेवायची. हात धुतल्याशिवाय भाकरी नाही, आणि महेंद्रला उचलून घेणं तर नाहीच. लहानगा महेंद्र उंबऱ्यात बसून बापाचे हात कोपरापर्यंत धुऊन व्हायची वाट बघायचा. आता चंद्राबाई नव्हती, काळे हातही नव्हते, आणि नातीला केव्हाही उचलता येत होतं. हे बरंच होतं म्हणायचं.

मग ती गोष्ट घडली.

वैशाखातली लग्नं तोंडावर आली होती. एका दुपारी महेंद्र वैतागून खाली आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, की कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नाही, सगळा भरलाय, नवीन काम घ्यायचं कुठं? एवढं बोलून तो मिरजेला निघून गेला. अक्षता मुलीला निजवत होती. आण्णा एकटेच विचार करत बसले.

जागा उरली नाही म्हणजे काय, हे आण्णांना सांगायला नको होतं. छापखान्यात लग्नसराईत हेच व्हायचं. निम्म्या जिल्ह्याची लग्नं फळ्यांवर जुळून पडलेली असत आणि नव्या पत्रिकेला घालायला 'सौ' मिळत नसे. 'चि'चा तर कायमचा दुष्काळ. मग हरिबा फोरमन ओरडायचा, "सोडा रं जुनं. अक्षरं मोकळी करा." छापून झालेला मजकूर मोडायचा आणि खिळा न् खिळा लाकडी केसमधल्या आपापल्या घरात परत टाकायचा. जो जुळारी काम संपल्यावर मजकूर सोडत नाही, तो आळशी. आण्णांना उभ्या आयुष्यात कुणी आळशी म्हटलं नव्हतं.

छापून झालेलं कोणतं, हे ओळखायचीही रीत ठरलेली होती. टेबलावर एक उभी तार असते. काम छापून झालं की त्याचं प्रूफ तारेला टोचायचं. महेंद्रच्या टेबलावर तशी तार आण्णांनीच ठेवायला लावली होती, आणि खालच्या टेबलावरही एक होती. आण्णांनी खालच्या तारेवरचे कागद काढले, एकेक नाव पडद्यावर शोधलं आणि एकेक काम पुसून टाकलं. मनात अगदी समाधान होतं. पोरगं मिरजेहून येईल आणि बघेल, तर सगळी अक्षरं मोकळी.

तारेवर सगळ्यात वर विहाराची स्मरणिका होती. बुद्ध पौर्णिमेला प्रकाशन होतं. महेंद्र आणि अक्षता महिनाभर तिच्यावर बसले होते. तिची पानं छापून झाली नव्हती. आदल्या दिवशी पंख्यानं उडायला लागली म्हणून महेंद्रनं ती घाईत तारेला टोचली होती. आण्णांना हे कसं कळणार? तार म्हणजे तार. त्यांनी स्मरणिकाही सोडली.

संध्याकाळी वरून महेंद्रची हाक आली, आणि त्या हाकेवरूनच अक्षताला कळलं, की काहीतरी गेलं. तिनं आशेनं कचऱ्याच्या डब्याचं चित्र उघडून पाहिलं. स्वतःच्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसली तर ती त्या डब्यात सापडते. पण वायरीवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली पुसली, तर ती डब्यातही पडत नाही, थेट जाते. हे तिला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं, आणि आण्णांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

"पर अक्षरं गेली कुठं?" आण्णा पुन्हा पुन्हा विचारत होते. सोडलेली अक्षरं कुठंतरी परत पडलीच पाहिजेत, अशी त्यांची समजूत होती. कुठंच नाहीत, हे त्यांना पटायला फार वेळ लागला, आणि पटलं तेव्हा ते खाटेवर बसून राहिले.

महेंद्र चिडला नाही. एक अक्षर उलट बोलला नाही. टोचलेली प्रुफं होती, त्यावरून पुन्हा टाइप करता येणार होतं. आण्णा वाचत गेले, अक्षता आणि महेंद्र आळीपाळीनं टाइप करत गेले. आण्णांचा घसा बसला, अक्षताची बोटं सुजली, पण स्मरणिका वेळेवर छापून विहारात पोचली. त्या दिवशी महेंद्रनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हुतं आसं आण्णा. मनाला लावून घिऊ नगा." असला मुलगा पदरी असणं हे चंद्राबाईचं पुण्य, असं आण्णांना वाटलं.

त्यानंतर दोन दिवस आण्णांनी विश्रांती घेतली. तिसऱ्या सकाळी ते पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसणार, तोच विट्याहून नानासो आला. विट्याकडच्या पुष्कळ घरांप्रमाणे त्याचं घर गलाईच्या धंद्यातलं. भाऊबंद देशभर सोनं गाळत पांगलेले. त्याच्या पुतण्याचं, वीरधवलचं लग्न होतं. पत्रिकेचा नमुना पसंत करून गेला होता, पण घरी वाचून दाखवल्यावर लक्षात आलं, की मामांच्या नावांत गुवाहाटीचे लालासाहेब मामाच राहिले होते. ते चार रात्री गाडीत काढून सहकुटुंब येणार, आणि पत्रिकेत नाव नाही म्हटल्यावर जन्मात पुन्हा विट्याचं तोंड बघणार नाहीत. नानासो पहिल्या एस.टी.नं आला होता आणि घामाघूम झाला होता.

महेंद्र त्याच पत्रिकांच्या कागदासाठी मिरजेला गेला होता. अक्षता मुलीला डोस पाजायला दवाखान्यात. वरचा कॉम्प्युटर चालू होता, पण वरच्या खोलीला कुलूप होतं.

"त्यात काय येवढं," आण्णा म्हणाले, "बसा नानासो. आत्ता घालतो मामांस्नी."

त्यांनी नानासोला खुर्ची दिली, चष्मा पुसला आणि पत्रिका उघडली. संयोगिता आणि वीरधवल, दोघांची नावं मधोमध झळकत होती. खाली मामांच्या ओळीत आण्णांनी जागा केली आणि दोन बोटांनी एकेक अक्षर लावत लालासाहेब बसवले. नानासो मागे उभा राहून बघत होता. "झ्याक," तो म्हणाला.

आण्णांनी जतन करायची कळ दाबली. पडद्यावर इंग्रजी मजकुराची चौकट आली. आण्णांना इंग्रजी अक्षरं सगळी येत, आयुष्यभर जुळवली होती. अर्थ मात्र त्यांनी कधी लावला नव्हता. त्यांनी चौकट घालवली, पत्रिका बंद केली, खात्री करायला पुन्हा उघडली. लालासाहेब नव्हते.

पुन्हा घातले. पुन्हा चौकट आली. पुन्हा लालासाहेब गेले.

"मामा पळून चालल्यात की वो," नानासो हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. आण्णांनी मात्र आणखी एकदा करून पाहिलं, कळा जोरानं दाबल्या, जणू वायरीतून अक्षर वर ढकलता येतं. नानासोला त्यांची दया आली असावी. त्यानं हळूच त्यांच्या खांद्याला स्पर्श केला.

"ऱ्हाऊ द्या आण्णा, नगा हात लावू. पोरगं आल्यावर करंल त्यो."

आण्णांनी हात मांडीवर घेतले. नानासो बाजारात जाऊन येतो म्हणून गेला. अक्षता परतली तेव्हा आण्णा तसेच बसले होते आणि पडद्यावर ती चौकट तशीच होती. त्यांनी चौकटीकडे बोट दाखवलं.

अक्षतानं चौकट वाचली आणि तिचा चेहरा उतरला. खोटं सांगता आलं असतं. वायर ढिली झालीय म्हटलं असतं तरी आण्णांनी विश्वास ठेवला असता. पण आण्णांना खोटं सांगायची तिला सवय नव्हती. तिनं मुलीला खाली ठेवलं आणि सांगितलं, की स्मरणिका झाली त्याच दिवशी महेंद्रनं वर बसून परवानगी बदलली. खालच्याला आता नुसतं वाचता येतं. पूर्ण परवानगीला पासवर्ड आहे.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय आण्णा."

"बरं," आण्णा म्हणाले आणि उठून बाहेर जाऊन बसले. दुपारी ते जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले.

महेंद्र आला तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्षतानं त्याला गाडीवरून उतरायच्या आतच सगळं सांगितलं असणार, कारण कागदाचे गठ्ठे तसेच सोडून तो थेट अंगणात आला आणि आण्णांच्या पुढ्यात जमिनीवर बसला.

"आण्णा, म्या सांगणारच हुतो."

"कवा?"

महेंद्र म्हणाला, की कामाचा सगळा पसारा त्या एका फोल्डरात असतो. आणखी एकदा काही गेलं तर गिऱ्हाईक तुटेल. आण्णा दुखावू नयेत म्हणूनच बोललो नाही. आणि वाचायला तर सगळं उघडंच आहे, बघायला कुठं ना केलीय? आण्णांनी फक्त चुका दाखवाव्यात, त्या दुरुस्त करायला आम्ही दोघं आहोतच.

शेवटच्या वाक्यांवर आण्णांनी मान वर केली. मग त्यांनी जे सांगितलं, ते महेंद्रनं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

उंब्रजहून ते सांगलीला आले ते धम्मदीक्षेच्या आदल्या वर्षी, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. छापखान्यात लागले ते झाडलोटीला. मालक भला माणूस होता, पगार वेळेवर द्यायचा, सणाला धोतरजोडी द्यायचा. पण छापखान्यात पंचांग जुळवलं जाई, आणि जुन्या जुळाऱ्यांनी मालकाला बजावून ठेवलं होतं, की हा पोरगा खाली पडलेला खिळा झाडूनं गोळा करील, पण केसमधल्या खिळ्यांना ह्याचा हात लागता कामा नये. पोराचं शिकायचं मन मालकाला दिसत होतं. तो समजुतीच्या सुरात सांगायचा, की उभा राहून बघत जा.

"रोज सांगायचा, बघ की लेका, बघून शीक, पर हात लावू नगंस. लय परेमानं सांगायचा. दोन वर्सं नुसतं बघत हुतो म्या म्हेंद्र. सगळी केस तोंडपाठ झालती. कुठल्या घरात कुठलं अक्षर, डोळं मिटून सांगितलं आसतं. पर हात म्हागं बांधल्यालं."

मग एका सकाळी हरिबा फोरमननं, कुणाला न विचारता, सगळ्यांच्या देखत स्टिक आणून त्यांच्या डाव्या हातात ठेवली. 'उद्या दुकान बंद राहील' एवढीच पाटी जुळवायची होती. दोन जुळारी काम सोडून उठून गेले. हरिबा म्हणाला, जाऊ दे. आण्णांनी ती ओळ जुळवली, आणि त्या दिवशी हात काळे करून घरी आले.

"तुझी आय म्हणायची, हात धू, मग पोराला हात लाव. मला त्येचा कवा राग आला न्हाई. कामानं काळं झाल्यालं हात हुतं ते."

महेंद्र खाली बघत होता. "तुमी कवा बोलला न्हाई आण्णा."

"कशाला बोलायचं? तुला त्यातलं काय बगावं लागू नये म्हणूनशान तर जुळवत बसलो." आण्णा थांबले. "स्मरणिका गेली, ती माझी चूक. हायच. तू चार शिव्या दिल्या आसत्यास तर गिळल्या आसत्या. कुलूप लावतो म्हणला आसतास तर लाव म्हणलो आसतो. पर तू खांद्याव हात ठेवलास, आन् वर जाऊन..."

महेंद्रनं बापाचे पाय धरले नाहीत, माफीही मागितली नाही. तसली रीत त्या घरात नव्हती. आतून अक्षता चहा घेऊन आली आणि तीही पायरीवर टेकली.

पहिल्यांदा आण्णाच बोलले. घसा खाकरून, कामाच्या आवाजात. ते म्हणाले, की कुलूप वाईट नाही. फर्मा, म्हणजे चौकटीत बसवलेला मजकूर, आवळून मशीनवर चढला, की त्याला हात लावायचा नाही, हा हरिबाचाही नियम होता. पण तो नियम सगळ्यांना होता. मालक आला तरी हरिबा त्याला फर्म्यापासून लांब उभा करायचा. तसं करा. चालू काम वेगळं ठेवा, त्याला सगळ्यांचे हात लागू देत. झालेलं काम वेगळं ठेवा, त्याला कुणीच हात लावायचा नाही. महेंद्रनंही नाही.

अक्षतानं विचार केला आणि मान हलवली. तसं होत नाही म्हणाली. हे कुलूप फक्त वायरीवरून येणाऱ्याला लागतं. फाइल ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये असते, त्याला ते अडवत नाही. झालेलं काम वरच ठेवलं, तर महेंद्र त्याला केव्हाही हात लावू शकणार.

"आन् खाली ठेवलं तर?" महेंद्रनं विचारलं.

"मग तुमाला वरनं नुसतं वाचता येणार. हात फकस्त आण्णांचा लागणार."

ज्या माणसानं सगळी कामं पुसून टाकली होती, त्याच्याच ताब्यात सगळी झालेली कामं द्यायची, असा त्याचा अर्थ होत होता. महेंद्रनं चहाची बशी खाली ठेवली. त्याच्या मनात काय आलं असेल ते आलं असेल. तो बापाचाच मुलगा होता, मनातलं त्यानं याही वेळी तोंडावर दिसू दिलं नाही. तो उठला आणि लोखंडी जिना चढून वर गेला. आण्णांना वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

अंधार पडायच्या आत काम झालं. वर 'चालू' नावाचं फोल्डर, खालच्याला पूर्ण परवानगी. खाली 'आवळलेलं' नावाचं फोल्डर, वरच्याला नुसतं वाचायची परवानगी. खालच्या फोल्डरचा पासवर्ड आण्णांनीच घालायचा होता. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटत असल्यामुळे त्यांनी काय घातलं ते कुणाला दिसलं नाही, आणि महेंद्रनं विचारलंही नाही. शिवाय झालेल्या प्रत्येक कामाची एक प्रत फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवायची ठरली. ते मात्र आण्णांनी सांगितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो पुन्हा आला. रात्री पाहुण्यांकडे राहिला होता. महेंद्र अंगणात गठ्ठे सोडत होता. नानासो त्याच्याकडेच वळला आणि म्हणाला, की तेवढं मामांचं नाव घाल बाबा, म्हणजे मी मोकळा.

महेंद्रनं गठ्ठ्यावरून मान वर केली नाही. "आण्णा घालत्यात की. आत जावा."

नानासो जरा घुटमळला, पण आत गेला. आण्णा तयार बसलेच होते. त्यांनी पत्रिका उघडली, मामांच्या ओळीत जागा केली आणि दोन बोटांनी लालासाहेब लावले. 'सा'चा काना एकदा मागे गेला, तो पुढे घेतला. मग जतन करायची कळ दाबली. चौकट आली नाही. त्यांनी पत्रिका बंद केली आणि पुन्हा उघडली. लालासाहेब मामा आपल्या ओळीत, दोन भावांच्या मध्ये, ठाण मांडून बसले होते.

"बसलं मामा," नानासो म्हणाला. ओळीवर बोट न टेकवता त्यानं सगळी पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, आणि प्रत घ्यायला बाहेर महेंद्रकडे गेला.

आण्णा उठले. मागच्या दारी गेले आणि नळाखाली दोन्ही हात धरले. कोनाड्यातला साबण घेतला. आधी बोटांची पेरं, मग नखं, मग तळवे, मग मनगटं, मग कोपरापर्यंत, असे ते सावकाश हात धुवायला लागले. भांडी घासत बसलेल्या अक्षतानं पाणी जाताना पाहिलं. ते स्वच्छच होतं. तिनं भांडी जरा बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.

हात धुऊन झाल्यावर आण्णांनी ते सदऱ्याला न लावता, तसेच ओले पुढे धरून उंबऱ्याकडे पाहिलं. नात रांगत तिथवर आली होती आणि उंबऱ्यात बसून वर बघत होती. आण्णांनी पंच्यानं हात कोरडे केले आणि तिला उचललं.